टोनी आयोमीचं श्रेय यंत्राला नको

टोनी आयोमीच्या गिटारविषयी एक समज घट्ट रुतून बसला आहे. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात त्याची बोटं कापली गेली, दुखतं म्हणून त्यानं तारा उतरवल्या आणि त्यातून ‘हेवी मेटल’चा जडशीळ नाद आपोआप निघाला! असं मानलं, तर कलावंताचं श्रेय यंत्राच्या पदरात पडतं. म्हणूनच हा समज खोडून काढायला हवा.

अपघात खरा आहे. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या कामाच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे स्वर दाबण्याचा हात नेमका हाच.

पण सनावळी पाहा. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा पहिला अल्बम १९७०चा. त्याचं शीर्षकगीत नेहमीच्याच पट्टीत लावलेल्या गिटारवर वाजवलं आहे. तारा तीन अर्धस्वर उतरल्या त्या १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’त. भारदस्त नाद त्याआधीच सिद्ध झाला होता.

तो आला स्वरांच्या निवडीतून. शीर्षकगीतात षड्ज, तार षड्ज आणि मग तीव्र मध्यम. पंचमाचा दिलासा नाकारून, संथ लयीत, त्या अस्वस्थ स्वरावर आंदोलन घेत थांबायचं, हे कानानं ठरवलं, जखमेनं नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की अधू बोटांमुळे त्याला सोपंच वाजवता येतं. त्याला ‘प्लॅनेट कॅराव्हॅन’मधलं जॅझच्या वळणाचं एकलवादन आणि ‘ऑर्किड’ ही नाजूक रचना पुरेसं उत्तर देतात.

जखमेनं दिली ती अडचण. डॉक्टरांनी वादन सोडायला सांगितलं होतं. कारखान्याच्या फोरमननं गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. १९२८च्या आगीत दोन बोटं निकामी झाल्यावरही जँगो वाजवत राहिला होता. मग आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं घडवली, त्यांवर चामडं चढवलं आणि बँजोच्या बारीक तारा गिटारला लावून पाहिल्या. यातलं काहीच आपोआप घडलेलं नाही.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्याच व्हिला पार्कवर सत्याहत्तर वर्षांचा आयोमी मूळ साथीदारांसह वाजवत होता. कारखान्यांत बोटं गमावणारे कामगार पुष्कळ होते. हा नाद एकालाच सुचला. एका दिवसाचा अपघात साठ वर्षांची साधना घडवत नाही. ती माणसालाच करावी लागते, आणि आयोमीनं ती केली.