चाकांवरचे घर किती मोठे असावे?

कॅराव्हॅन पर्यटनाचा विषय गेल्या काही वर्षांत पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांच्या धोरणांत शिरला आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आखले. केरळने त्याच वर्षी आपली योजना जाहीर केली आणि २०२२ मध्ये वागमोन येथे तेथील पहिले कॅराव्हॅन पार्क सुरू झाले. गोव्याला हे दृश्य अनोळखी नाही. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे निघालेल्या व्हॅन आणि जुन्या बसगाड्या हणजुण, कळंगुटच्या किनाऱ्यांपर्यंत येत असत. त्या काळी चाकांवरचे घर ही परदेशी पाहुण्याची हौस होती. आता येथील एखादे कुटुंब किंवा भाड्याच्या गाड्यांच्या व्यवसायातील तरुण कर्ज काढून असे वाहन घेण्याचा विचार करतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न येतो तो आकाराचा. लहान कॅम्पर व्हॅन घ्यावी की मोठे मोटरहोम?

जाहिरातींत या प्रश्नाचे उत्तर खाटांची संख्या, स्वयंपाकाचा ओटा, वातानुकूलन अशा आतल्या सोयींवरून दिले जाते. गोव्यासारख्या राज्यात मात्र त्याचा निकाल वाहनाबाहेरच्या तीन गोष्टींवर लागतो: रस्ता, वीज आणि सांडपाणी.

भारतात कॅम्पर व्हॅन बहुधा फोर्स ट्रॅव्हलर किंवा अर्बेनियाच्या जातीच्या वाहनावर बांधली जाते. ही वाहने इंदूरजवळच्या पिथमपूर येथे तयार होतात. त्यांची लांबी पाच ते सात मीटर, रुंदी दोन मीटरच्या आसपास आणि भारासह वजन साधारणपणे पाच टनांच्या आत असते. मोठे मोटरहोम बसच्या चासीवर उभे राहते. केरळच्या योजनेच्या वेळी सादर झालेले कॅराव्हॅन भारतबेंझच्या १०१७ या, दहा टनांच्या घरातील चासीवर होते. अशा वाहनाची रुंदी अडीच मीटरच्या जवळ जाते.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. गावात शिरल्यावर तो कळतो. एकपदरी रस्त्याची प्रमाणित रुंदी ३.७५ मीटर आहे आणि गोव्यातील अंतर्गत रस्ते अनेक ठिकाणी त्याहूनही अरुंद आहेत. एका बाजूला दगडी कुंपण, दुसऱ्या बाजूला गटार, वर माडांची झावळे आणि विजेच्या तारा. अशा रस्त्यावर मोठे मोटरहोम आले की समोरच्या दुचाकीला जेमतेम सव्वा मीटर जागा उरते, आणि समोरून मोटार आली तर कोणीतरी मागे हटल्याखेरीज गत्यंतर नसते. चोर्ला, अनमोड या घाटांत पावसाळ्यात दरड किंवा रस्ता खचला, तर बंदी प्रथम जड वाहनांवर येते. दिवाडी-चोडणच्या फेरीबोटीवरही लहान व्हॅनची सोय तुलनेने सहज होते.

वजनाचा संबंध परवान्याशीही आहे. मोटार वाहन कायद्यानुसार ७,५०० किलोग्रॅमपर्यंतचे वाहन हलक्या वर्गात मोडते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असे स्पष्ट केले की, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास या मर्यादेतील वाहतुकीचे वाहनही वेगळ्या नोंदीविना चालविता येते. कॅम्पर व्हॅन घरातील कर्ती माणसे आळीपाळीने चालवू शकतात. दहा टनांच्या मोटरहोमसाठी जड वाहनाचा परवाना असलेला चालक लागतो. त्याच्या झोपण्याची जागा आणि पगार हिशेबात धरावा लागतो. कुटुंबाच्या खासगी प्रवासाचे स्वरूपच त्यामुळे बदलते.

जुनी मिनीबस स्वस्तात घेऊन ती स्थानिक कारखान्यात बदलून घेण्याचा मोह अनेकांना होतो. कायद्याचे ५२ वे कलम येथे आडवे येते. उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास ते मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी स्वतंत्र प्रमाणके आहेत. त्यांनुसार प्रमाणित झालेले वाहन महाग पडते, पण अपघातानंतर विम्याचा दावा अडण्याचा धोका त्यात कमी असतो. खासगी वापराची नोंद असलेले वाहन भाड्याने देता येत नाही, ही बाब व्यवसायाचा विचार करणाऱ्याने कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वीच ध्यानात घ्यावी.

दुसरा मुद्दा विजेचा. बारा व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरली तर २.४ युनिट वीज देते. एक टनाचा वातानुकूलक तासाला सुमारे एक युनिट खातो. म्हणजे दोन-अडीच तासांत बॅटरी संपते आणि दमट रात्र पुढे उरतेच. मग जनरेटर सुरू होतो, आणि शेजारच्या घरांतील माणसांची झोप उडते. याउलट, लहान व्हॅनमधील जाळीच्या खिडक्या आणि कमी विजेवर चालणारे दोन पंखे त्याच बॅटरीवर सारी रात्र काढतात. जेवढे मोठे वाहन, तेवढे ते विजेच्या खांबाला बांधलेले.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. चार माणसांना दिवसाला प्रत्येकी २५ लिटर म्हटले तरी दोन दिवसांना २०० लिटर, म्हणजे २०० किलो पाणी लागते. टाकीत जेवढे भरावे, जवळपास तेवढेच सांडपाणी होऊन परत येते. मोटरहोममधील शौचालयाची मैलाटाकी कोठे रिकामी करायची? मैला प्रक्रिया प्रकल्पापर्यंत नेणे हा सरळ मार्ग. पण वाटेवर तो उतरवून घेण्याची सोय नसेल, तर खाजनातील ओहोळ, काजूच्या बागेचा कोपरा किंवा समुद्राची वाळू हाच सोपा मार्ग ठरतो. गोव्याने पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी २००१ मध्ये कायदा केला आणि २०१९ च्या दुरुस्तीने उघड्यावर मद्यपान व स्वयंपाक करण्यास मनाई केली. उघड्यावरच्या चुलीचा धूर दिसतो, म्हणून तो पकडला जातो. रात्री उघडलेला टाकीचा झडप कोणाला दिसत नाही. त्याची किंमत जवळच्या विहिरीवर पाणी भरणारे घर मोजते.

तरीही मोठ्या वाहनाची बाजू पोकळ नाही. पणजीहून कोल्हापूर, नृसिंहवाडी, पंढरपूर असा प्रवास वयस्क आई-वडिलांना घेऊन करणाऱ्या कुटुंबाला ताठ उभे राहता येणारी उंची, रुंद पायरी आणि स्वतःचे स्वच्छ शौचालय यांचे मोल ठाऊक असते. महामार्गावरील स्वच्छतागृहांची अवस्था पाहता, स्त्रियांसाठी तर ही चैन नव्हे, गरज आहे. पण या गरजेसाठी दहा टन लागत नाहीत. उंच छपराची, सहा-सात मीटर लांबीची व्हॅन आणि तिच्यात काढून नेता येणारी वीसेक लिटरची मैलापेटी एवढ्याने ती भागते. ही पेटी मुक्कामाच्या ठिकाणच्या शौचालयात रिकामी करता येते. मोठ्या मोटरहोमच्या मैलाटाकीसाठी मात्र खास व्यवस्था हवी.

खरेदीचा निर्णय करताना वर्षातील मुक्कामाच्या रात्री मोजणे उपयुक्त ठरते. जून ते सप्टेंबर हे चार महिने वाहन बहुतांशी उभेच राहणार. खारी हवा पत्र्याला गंज आणते, ओल गाद्यांना बुरशी आणते, आणि कर्जाचा हप्ता मात्र पावसाळ्यातही थांबत नाही. दोन-तीन माणसांचे, दर मुक्कामी पुढे सरकणारे प्रवास असतील तर कॅम्पर व्हॅन पुरेशी आहे. मोठे मोटरहोम त्यालाच परवडेल, ज्याची प्रवासी संख्या पाच-सहा आहे आणि ज्याचे मुक्काम वीज, पाणी व मैला उतरवण्याची सोय असलेल्या जागी आधीच ठरलेले आहेत.

येथे प्रश्न घराच्या अंगणातून सरकारच्या दारात येतो. सत्तरी, सांगे, धारबांदोडा यांसारख्या तालुक्यांत पर्यटक न्यायचे असतील, तर वाहनांना सवलत देण्याआधी थांबे उभारावे लागतील. नळ, पंधरा अँपिअरची जोडणी, मैला उतरवण्याचे झाकणबंद तोंड, तो नियमित उचलणारा टँकर आणि या साऱ्याच्या शुल्कात पंचायतीचा वाटा, एवढी मांडणी झाली तर गावे या पाहुण्यांना आपले म्हणतील. ती होईपर्यंत ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्यात लहान गाडीच शहाणपणाची. कारण तिचा भार तिच्या मालकालाच वाहता येतो, शेजाऱ्याच्या विहिरीवर टाकावा लागत नाही.