गांवची शिरगणती आणि गांवची वाट

गांवाची माहिती विचारली असतां आपण प्रथम लोकसंख्या सांगतों, आणि मग मोटार कोठपर्यंत जाते तें सांगतों. या दोन गोष्टी निरनिराळ्या भासतात; परंतु त्या एकमेकींत किती गुंतल्या आहेत, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं अवश्य करावा, असें आम्हांस वाटतें.

२०११ च्या जनगणनेप्रमाणें महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारें ११ कोटी २४ लक्ष होती, व तींपैकीं शेंकडा ५५ माणसें खेड्यांत राहत होतीं. त्या वेळच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत प्रत्येक खेड्याची एक ओळ आहे. बस गांवांत येते कीं नाहीं, हें तींत नमूद आहे. येत नसल्यास ती पांच किलोमीटरांच्या आंत, पांच ते दहांत, किंवा दहाच्या पुढें मिळते, अशी खूण आहे. हें काम मोठ्या कष्टाचें असून त्याची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. तथापि ती ओळ महसुली गांवाची आहे, वाडीची नव्हे. कोंकणांत गांव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या अनेक वाड्या. गांवठाणांत बस आली कीं गांवाच्या नांवापुढें 'आहे' असें पडतें. आषाढांत ओढ्याला पूर आल्यावर पलीकडची वाडी त्या ओळींत कोठेंच दिसत नाहीं.

२५ डिसेंबर २००० रोजीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनें वस्ती हेंच परिमाण धरलें, हें योग्यच झालें. सपाट प्रदेशांत ५०० व डोंगराळ आणि आदिवासी भागांत २५० लोकसंख्येची मर्यादा ठेवून देशांतील असंख्य वस्त्यांना तिनें पक्की सडक दिली. परंतु मर्यादेच्या खालीं राहिलेल्या वाडीनें काय करावें? वाट नाहीं म्हणून तरुण कुटुंबें शहराकडे जातात. तीं गेलीं कीं पुढल्या मोजणींत माणसें घटतात. आणि माणसें घटलीं कीं वाटेची मागणी आणखी दुबळी होते. माणसें थोडीं म्हणून वाट नाहीं, आणि वाट नाहीं म्हणून माणसें थोडीं!

सडक झाली म्हणजे सर्व झालें, असेंही नाहीं. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एस. टी. धांवली. पुढें विद्यार्थ्यांस पासाची सवलत व ग्रामीण शाळकरी मुलींस मोफत पास मिळाला. मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धें भाडें झालें. या सवलती स्तुत्य आहेत. पण सवलत गाडींत बसणारास मिळते. शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत गाडीच नसेल, तर मुलीचा पास दप्तरांत राहतो आणि कांहीं दिवसांनीं तिचें नांव पटावरून जातें.

थोडक्या माणसांसाठीं एवढा खर्च कां, असें कोणी म्हणेल. प्रत्येक वाडीस रुंद डांबरी सडक हवीच, असा आमचा आग्रह नाहीं. पुष्कळ ठिकाणीं ओढ्यावर एक मजबूत साकव आणि शाळेच्या वेळीं एक गाडी एवढ्यानें भागेल. परंतु कोठें काय हवें हें कळण्यास मोजणी वाडीवार झाली पाहिजे, आणि 'बस आहे' एवढ्यावर न थांबतां पहिली गाडी किती वाजतां, परतीची शेवटची किती वाजतां, पावसाळ्यांत ती येते काय, व थांब्यापर्यंत पायीं किती वेळ लागतो, हेंही लिहिलें पाहिजे.

हें काम सरकारानेंच करावें, असें नाहीं. येत्या सुटींत आमच्या विद्यार्थ्यांनीं आपापल्या वाडीचा असा तक्ता तयार करावा, आणि वडील मंडळींनीं तो ग्रामसभेपुढें ठेवावा. मागणीबरोबर आंकडे असले म्हणजे ती सहसा टाळतां येत नाहीं.