वाचता येत नाही? मग विचारा ना!

'डेथ नोट' पाहिलेल्या प्रत्येकाला लाइट यागामी माहीत असतो. पण त्याचं नाव जपानीत लिहितात कसं, ते कधी बघितलंय? एकच अक्षर आहे आणि त्याचा अर्थ चंद्र. ते अक्षर एकटं दिसलं तर जपानी माणूस सहज 'त्सुकी' वाचेल. कथेतल्या यागामी कुटुंबाने मात्र लिहिलं चंद्र आणि वाचलं इंग्रजीतलं 'लाइट', जपानी उच्चारात 'राइतो'. म्हणजे जन्मदाखल्यावर 'शशी' लिहायचं आणि हाक मारायची 'ब्राइट'!

मांगामध्ये काहीही खपतं, असं म्हणून आपण हे सोडून देतो. गंमत अशी की खऱ्या जपानमध्येही हे अगदी कालपरवापर्यंत कायद्यात बसत होतं. नाव कुठल्या अक्षरांत लिहायचं यावर सरकारचं बंधन होतं, ते वाचायचं कसं यावर नव्हतं. 26 मे 2025 पासून तेही आलं. आता प्रत्येक नावाचा उच्चार कुटुंब-नोंदवहीत, म्हणजे 'कोसेकी'त, नोंदवावा लागतो. शिवाय नव्या बाळाच्या नावाचं वाचन 'सर्वसाधारणपणे मान्य' असावं लागतं. बातमी वाचून आपल्याकडे बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या. 'बरं झालं, पोरांची चित्रविचित्र नावं ठेवणाऱ्या आईबापांना चाप बसला!' मला विचाराल तर या कायद्याचा अर्धा भाग शहाणपणाचा आहे आणि अर्धा भाग भलत्याच ठिकाणी मलम लावणारा.

आधी हा घोळ होतो कसा ते बघू. जपानीत कांजी, म्हणजे चीनमधून आलेली अर्थवाही अक्षरं, वापरतात. ती येताना आपला चिनी उच्चार घेऊन आली आणि इथे त्यांना त्याच अर्थाचा जपानी शब्दही चिकटला. त्यामुळे बहुतेक अक्षरांची निदान दोन वाचनं तरी असतात. मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे' आठवा. जादूगारीण युबाबा चिहिरोच्या नावातली अक्षरं हिसकावून घेते, फक्त एकच मागे ठेवते आणि सांगते, आजपासून तू 'सेन'. 'चिहिरो'मधलं 'चि' आणि एकटं 'सेन' हे एकच अक्षर आहे, अर्थ 'हजार'. सबटायटल्स वाचत सिनेमा बघणाऱ्या आपल्याला वाटतं की नाव बदललं. जपानी प्रेक्षकाला दिसतं की नावाचा लचका तोडला.

आता उलटं बघा. एकच उच्चार, पण अक्षरं वेगळी. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा आणि 'ड्रॅगन बॉल'वाले अकिरा तोरियामा यांचा 'अकिरा' एकाच अक्षराचा आहे, अर्थ 'उजळ'. 'गॉडझिला'चं संगीत देणारे अकिरा इफुकुबे मात्र वेगळ्या अक्षराचे. 'योको' नावाचं तेच. कलावंत योको ओनो यांचा 'यो' समुद्राचा, दुसऱ्या कुणा योकोचा 'यो' सूर्याचा. म्हणून तिकडे ओळख करून देताना नाव सांगून भागत नाही. 'पॅसिफिक महासागराच्या शब्दातला यो' किंवा 'सूर्य या शब्दातला यो' असं पुढे जोडावं लागतं. समोरचा हवेत बोट फिरवून अक्षर गिरवतो, मग मान डोलावतो. आपल्याकडे 'वैद्य की वैद?' विचारतात तसंच, पण जवळजवळ प्रत्येक नावाला.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. काही वाचनं फक्त नावांतच चालतात, एरवी कुठेच नाही. कामाकुराची शोगुनशाही उभी करणारा, 1192 मध्ये शोगुन झालेला मिनामोतो नो योरितोमो घ्या. त्याच्या नावातलं 'तोमो' ज्या अक्षराने लिहितात, त्याचा अर्थ 'सकाळ' आणि नेहमीचं वाचन 'आसा'. सकाळ लिहून 'तोमो' का वाचायचं, याचं तर्काने उत्तर देणं कठीण. पण शाळेच्या पुस्तकात आलं, पाठ झालं आणि आता कुणाला खटकत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सरकार यात पडलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. बाळाच्या नावात नेहमीच्या वापरातली, सोपी अक्षरंच असावीत, असा नियम 1948 पासून आहे. 1951 मध्ये खास नावांसाठी 92 अक्षरांची जादा यादी निघाली. ती वाढत वाढत आता 863 वर गेली आहे. रोजच्या वापरातली 2136 अक्षरं धरली तर नावासाठी हाताशी जवळपास 3000 अक्षरं. 2004 मध्ये ही यादी वाढवायची ठरली, तेव्हा सरकारी मसुद्यात विष्ठा, मूळव्याध आणि शाप या अर्थांची अक्षरंही येऊन बसली होती! लोकांनी आरडाओरडा केला, मग ती काढली. नियम करणाऱ्या बाबूंचं डोकं आणि नाव ठेवणाऱ्या आईबापांचं मन यात किती अंतर असतं, याचा यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही.

अक्षरांवर पहारा बसला तरी वाचनाचं दार उघडंच राहिलं. त्यातून आली 'किराकिरा' नावं. किराकिरा म्हणजे चमचम. हमखास दिलं जाणारं उदाहरण म्हणजे 'प्रकाश' आणि 'अंतराळ' ही दोन अक्षरं लिहून वाचायचं 'पिकाचू'. बातम्यांमध्ये, टीव्हीवर याची भरपूर टिंगल झाली. आणि आता कायदा झाला. 'उंच' अर्थाचं अक्षर लिहून 'बुटका' असं वाचता येणार नाही, 'तारो' लिहून 'जिरो' वाचता येणार नाही. ज्यांची नावं आधीच नोंदलेली आहेत त्यांना मात्र वापरातला उच्चार ठेवता येतो.

उच्चार नोंदवणं हा भाग मला पूर्ण पटतो. तिथल्या बँकखात्यात नाव काताकाना या उच्चारलिपीत असतं आणि सरकारच्या मुख्य नोंदवहीत इतकी वर्षं फक्त कांजी. दोन्ही जुळवायचं कसं? ज्यांच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं आहे, त्यांना हे दुखणं समजावून सांगायची गरज नाही. 'ज्ञानदा' देवनागरीत एकच असते, पण इंग्रजीत ती डीएनवाय की जीवाय, यावर ॲडमिशनच्या खिडकीपाशी अर्धा दिवस जातो. दवाखान्यात, भूकंपानंतरच्या मदत छावणीत नाव नक्की काय ते कळायलाच हवं. तेव्हा उच्चार लिहून ठेवा, जरूर ठेवा.

खटकतो तो दुसरा भाग. 'सर्वसाधारणपणे मान्य' हे ठरवणार कोण आणि कुठल्या वर्षीच्या मापाने? चौदाव्या शतकातल्या केन्को या भिक्षूने आपल्या टिपणांच्या पुस्तकात तक्रार करून ठेवली आहे की लोक नावांसाठी अनोळखी अक्षरं शोधतात आणि ते निरर्थक आहे. म्हणजे 'आजकालची नावं' ही कुरकुर तिकडे जवळजवळ 700 वर्षं जुनी! जर्मनीत शिकून आलेले डॉक्टर आणि मोठे लेखक मोरी ओगाई (1862-1922) यांनी मुलांची नावं ओतो, मारी, आन्नु, रुइ अशी ठेवली. थेट युरोपातली नावं, कांजीत बसवलेली. आजच्या भाषेत पक्की किराकिरा. त्यातली मारी आणि आन्नु या दोघी पुढे लेखिका म्हणून नावाजल्या. मारीच्या नावाची अक्षरं म्हणजे मोगरा, आणि त्या फुलाच्या चिनी नावाचं मूळ आपल्या संस्कृत 'मल्लिका' शब्दात असल्याचं मानतात. एका तथाकथित विचित्र नावात युरोप, चीन, जपान आणि आपण, सगळेच येऊन बसलोय.

अगदी आजचं उदाहरण हवं? बेसबॉलपटू शोहेई ओतानीच्या नावातलं 'शो' ज्या अक्षराने लिहितात त्याचा अर्थ भरारी. तेच अक्षर सध्या जपानमध्ये प्रचंड लोकप्रिय असलेल्या 'हारुतो' नावात अनेकदा असतं, पण तिथे ते 'तो' वाचतात. 'तोबु' म्हणजे उडणे, त्या क्रियापदाची शेपटी छाटून उरलेला 'तो'. शब्दकोशाच्या शिस्तीत न बसणारं हे वाचन कुणीतरी पहिल्यांदा केलं असेल, तेव्हा नाकं मुरडली गेलीच असणार. आज वर्गात दोन-तीन हारुतो असतात. त्या पहिल्या आईबापांना 'सर्वसाधारणपणे मान्य' या पट्टीने मोजलं असतं तर?

यावर कुणी म्हणेल, पण मुलांचं काय? विचित्र नावाचा त्रास त्यांनाच होतो ना? होतो. म्हणूनच त्रास झालेली गाजलेली उदाहरणं नीट बघू. 1993 मध्ये टोकियोजवळच्या आकिशिमा शहरात एका बापाने बाळाचं नाव 'आकुमा', म्हणजे सैतान, असं नोंदवायला दिलं. दोन्ही अक्षरं सरकारी यादीतली, वाचन सरळसोट. प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेलं, देशभर गाजलं, शेवटी आईबापांनी दुसरं नाव दिलं. 2019 मध्ये अठरा वर्षांच्या एका मुलाने स्वतः न्यायालयातून नाव बदलून घेतलं. आईने प्रेमाने ठेवलेलं नाव होतं 'ओजिसामा', म्हणजे 'राजपुत्र महाराज'. तिन्ही अक्षरं शाळकरी पोरालाही वाचता येतील अशी. त्याच्या आणखी मागे गेलात तर 'तोमे' भेटेल. तोमे म्हणजे 'थांब'. आता पुरे, आणखी मूल नको, अशा इच्छेने ठेवलेलं नाव. वाचायला अगदी सोप्पं.

इथे साताऱ्याची आठवण न होणं अशक्य आहे. 2011 मध्ये तिथे 'नकुसा' किंवा 'नकोशी' नाव असलेल्या 285 मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. मुलगा हवा असताना झालेल्या मुली, म्हणून नकोशा. देवनागरीत लिहा, कुणालाही वाचता येईल. स्पेलिंगचा घोळ नाही, उच्चाराचा वाद नाही. आणि ते नाव आयुष्यभर अंगावर वागवणं किती जड असेल, याची कल्पनाही करवत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. वाचायला कठीण नाव आणि वागवायला कठीण नाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सैतान, राजपुत्र महाराज, तोमे, नकुसा ही सगळी वाचनाच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होतात. नापास होतो तो बिचारा मोगरा किंवा भरारीतला 'तो'. सरकारला खरंच मुलांची काळजी असेल तर अपमान करणारी नावं अडवावीत आणि जो नाव वागवतो त्याला ते बदलायची वाट सोपी करावी. जपानमध्ये पंधरा वर्षांच्या पुढे मुलगा-मुलगी स्वतः न्यायालयात अर्ज करू शकतात, ही चांगली सोय आहे. पण त्यासाठी न्यायालयाला पटेल असं कारण द्यावं लागतं. ते दार जरा रुंद करावं, नावाच्या वाचनावर काउंटरवरच्या कारकुनाला बसवू नये.

मग वाचायला कठीण नावांचं करायचं काय? त्याचं उत्तर जपानी लोकांकडे आधीपासूनच आहे. विचारायचं! तिथे जवळपास प्रत्येक फॉर्मवर नावाच्या डोक्यावर उच्चारासाठी छोटा रकाना असतो. 'आपलं नाव कसं वाचायचं?' हा प्रश्न कुणाला उद्धट वाटत नाही. न येणं ही लाज नाही, न विचारता भलतंच वाचणं ही खरी पंचाईत. निवडणुकीत तर मतदार कागदावर उमेदवाराचं नाव हाताने लिहितो, म्हणून कितीतरी उमेदवार पोस्टरवर नाव सोप्या हिरागाना लिपीत छापतात. 2019 मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डात निवडून आलेले आपले मराठी योगेंद्र पुराणिक तिथे 'योगी' म्हणून ओळखले जातात, तेही हिरागानात.

पुण्या-मुंबईत जपानी शिकणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात स्वतःचं नाव काताकानात लिहावं लागतं. तिकडे 'ल' नाही, मग लता होते 'राता', वैशाली होते 'वाइशारी' आणि राहुल होतो 'राफुरु'. सगळे हसतात. पण त्या हसण्यात एक धडा आहे. आपलं नाव परक्याच्या जिभेवर कसं वळतं-तुटतं ते तिथे कळतं. मग आपल्याच वर्गात मणिपूरचा किंवा तमिळनाडूचा मुलगा येतो, त्याचं नाव जिभेवर बसत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आपण त्याचं परस्पर बारसं करून टाकतो. हजेरी घेताना सर अडखळतात, पोरं खिदळतात, तो कसनुसा हसतो. चार महिन्यांनी तो स्वतःच आपली ओळख त्या टोपणनावाने करून द्यायला लागतो. युबाबाने वेगळं काय केलं होतं?

जपानचा कायदा बदलणं आपल्या हातात नाही. वर्गातल्या त्या मुलाला 'तुझं नाव नीट कसं म्हणायचं रे?' असं विचारणं आहे. दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा येईल. त्याला कुठल्याही नोंदवहीची गरज नाही.