घड्याळ आले, घड्याळजीचे काय?

छावणीचे गाव म्हणून कामठीची ओळख १८२१ पासूनची. पलटणीच्या गावात मनगटी घड्याळ हा दागिना नसून नेमाची वस्तू असते, एच.एम.टी.ने आपल्या एका घड्याळाला 'जवान' हे नाव दिले, ते उगीच नव्हे. आता जुन्या वळणाच्या, पाणबुड्यांसाठी घडविलेल्या ऑटोमॅटिक घड्याळांची हौस सर्वत्र वाढली आहे. उन्हाळ्यात कन्हानच्या पात्रात वाळूच अधिक दिसते. तेथे दोनशे मीटर खोलीची हमी कशाला, असे कोणी विचारील. परंतु हौसेला असा हिशेब लावणे व्यर्थ होय.

ही परंपरा आपल्याला परकीही नाही. स्वित्झर्लंडच्या फेवर-ल्यूबा कंपनीचा मुंबईशी व्यापार १८६५ पासूनचा. तिचे 'बॅथी' घड्याळ पाण्याची खोलीही दाखवीत असे. तिच्याच जुन्या 'डीप ब्लू'ची नवी आवृत्ती २०२४ साली बाजारात आली. जुने रूप परत आले, याचा आनंद मानावा. खरा प्रश्न रूपाचा नसून सांभाळाचा आहे.

या घड्याळाला बॅटरी लागत नाही; मनगटाच्या हालचालीने आतले वजन फिरते व कमान गुंडाळली जाते. तथापि काही वर्षांनी तेल सुकते, पाणी अडविणारी रबरी कडी कडक होतात. घड्याळ उघडावे लागते, आणि उघडल्यावर दाबाची चाचणी घेतल्यावाचून ते पाण्यात नेणे धोक्याचे ठरते. गावच्या घड्याळजीपाशी भिंग आहे, हातही आहे. नाहीत ते सुटे भाग आणि चाचणीचे यंत्र. क्वार्ट्झने त्याचे काम आधीच घटविले. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झालेला एच.एम.टी.चा घड्याळ उद्योग बंद करण्यास २०१६ साली केंद्राने मंजुरी दिली, तेव्हा त्याचा एक मोठा आधारही गेला.

जुने रूप विकणाऱ्यांनी जुना विश्वासही दिला पाहिजे. सुटे भाग केवळ आपल्या दालनांपुरते राखून न ठेवता ते स्वतंत्र कारागिरास रास्त दरात मिळावेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी ही विद्या नव्या मुलांना शिकवावी. एके काळी घड्याळ बापाकडून मुलाकडे जात असे, कारण मध्ये दुरुस्त करणारा बसलेला होता. तो उठून गेला, तर हे महागडे घड्याळ पहिल्याच बिघाडानंतर कपाटात पडून राहील.