खाडीतल्या गोगलगायींचीही साक्ष घ्या

प्रति,
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
मा. आयुक्त, मिरा-भाईंदर महानगरपालिका

महोदय,

अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीच्या कारखान्यांचं सांडपाणी उल्हास नदीतून आमच्या मिरा-भाईंदरच्या खाडीत येतं. इथलं सांडपाणी त्यात मिसळतं आणि सगळं वसई-उत्तनच्या समुद्राला मिळतं. पाण्याचे नमुने घेतले जातात, पण बाटलीत येतं ते त्या घटकेचं पाणी. ओहोटीला सोडलेलं रसायन भरतीच्या बाटलीत सापडेलच असं नाही. खडकावरची समुद्री गोगलगाय मात्र बारा महिने तिथेच असते आणि पाण्यातलं, गाळातलं विष तिच्या मांसात साठत जातं.

अशा गोगलगायी तपासून प्रदूषण ओळखण्याची पद्धत जगात रुळलेली आहे. 1970 च्या सुमारास इंग्लंडमधल्या प्लिमथच्या किनाऱ्यावर गोगलगायींच्या माद्यांना नराचं लिंग फुटलेलं दिसलं. बोटींच्या तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायच्या रंगातलं ट्रायब्युटिल टिन त्याला कारण होतं. लिटरभर पाण्यात या रसायनाचा ग्रॅमचा अब्जावा भागही हा विकार व्हायला पुरतो. विकार वाढला की अंडी बाहेर पडायची वाट बुजते, ती आतच अडकतात आणि मादी मरते. 2008 पासून जहाजांवर अशा रंगांना आंतरराष्ट्रीय बंदी आहे. आपल्याकडेही राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 1999 मध्ये ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ या गोगलगायीत हाच विकार नोंदवला.

हा विकार कथिलाच्या संयुगांची खबर देतो. पारा, शिसं, कॅडमियम यांच्यासाठी मांस तपासावं लागतं. आमच्या याच उल्हास खाडीच्या गाळात पारा असल्याचं 2003 मध्येच प्रसिद्ध झालं आहे. गाळात बसलेलं विष लवकर जात नाही; गाळ असा आठवणीचा पक्का आहे, म्हणून त्यावर जगणाऱ्या जिवांकडे बघायला हवं.

आमच्या मागण्या अशा:

1. घोडबंदरपासून उत्तनच्या खडकांपर्यंत ठरावीक जागा निवडून वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, गोगलगायी तपासाव्यात. विकार पाहायला भिंग आणि मोजपट्टी पुरते. धातूंसाठी प्रयोगशाळा लागेल.
2. कालवं काढणाऱ्या कोळणींना या कामात मानधनावर घ्यावं. कोणत्या खडकावर काय कमी झालं, हे त्यांना ठाऊक असतं.
3. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून रंगवल्या जातात. त्या रंगांचे नमुने तपासावेत.
4. निष्कर्ष मराठीत, गावागावांत जाहीर करावेत.

या खाडीची मासळी आमच्या ताटात येते. तिच्यात काय साठतंय, हे जाणून घेण्याचा आम्हाला हक्क आहे. पहिली पाहणी येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू करावी, ही आग्रहाची विनंती.

आपला,
मिरा-भाईंदरचा एक रहिवासी