मुकाट्याने मंदावणारं मशीन

मंडळी, आज जरा जुनाट विषय. डीव्हीडी बर्न करताना सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो, माउस अडखळतो आणि दहा मिनिटांचं काम तासभर चालतं.

"आता डिस्क कोण वापरतं?" असं म्हणाल. पण समजा, तुमचं घर बुलढाण्याजवळच्या देऊळघाटला आहे. पुण्याहून दिवाळीला गेलात की तुम्ही अख्ख्या भावकीचे कॉम्प्युटरवाले! काकांचा एक्सपीवाला पीसी अजून चालतोय, ताईच्या लग्नाचं शूटिंग फक्त त्यातच आहे आणि आत्याला प्लेअरवर बघायला एक कॉपी हवीय. बर्निंग रखडलं की आपण ऐटीत सांगतो, "काका, प्रोसेसर जुना झाला, नवीन पीसी घ्या."

माझं म्हणणं, तपासल्याशिवाय हे वाक्य उच्चारू नये. काकांचे पैसे जातात हो त्यात.

एक फरक आधी बघा. साध्या व्हिडिओ फाइलपासून प्लेअरवर चालणारी डीव्हीडी बनवताना सॉफ्टवेअर आधी एमपेग-२ मध्ये रूपांतर करतं. तेव्हा सीपीयू तापणारच, ते खरं काम आहे. पण तयार इमेज नुसती डिस्कवर उतरवायला प्रोसेसरला फारसं काम नसतं. १६एक्स डीव्हीडीला सेकंदाला सुमारे २२ एमबी डेटा लागतो. डीएमए चालू असेल तर कंट्रोलर तो थेट मेमरीतून उचलतो. पीआयओ मोडमध्ये मात्र प्रत्येक घास प्रोसेसर स्वतः भरवतो. म्हणजे पंगतीत यजमानाने वाढप्यांना घरी पाठवून स्वतःच भात वाढायला घ्यावा, तसं. शिवाय पीआयओची कमाल मर्यादा कागदावरच १६.६ एमबी. मग १६एक्स गाठणार कसं?

ओळखायचं कसं? टास्क मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत 'शो कर्नल टाइम्स' लावा. लाल रेघ हिरवीला चिकटून वर गेली, की संशय पक्का. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनलच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये 'करंट ट्रान्सफर मोड' बघा. तिथे पीआयओ दिसलं, तर आधी केबल बदला, मग ते चॅनल अनइन्स्टॉल करून पीसी रीस्टार्ट करा. विंडोज ड्राइव्ह नव्याने ओळखतं आणि सहसा डीएमए परत येतो. खर्च फक्त केबलचा.

आता मुद्द्याचं. हा मोड कुणी बदलला? विंडोजनेच. टाइमआउट किंवा सीआरसीच्या एकूण सहा एरर जमल्या की एक्सपी वेग एकेक पायरी उतरवतं आणि एरर येतच राहिल्या तर थेट पीआयओवर येऊन थांबतं. त्याला सैल केबल पुरते, कधी एखादी ओरखडलेली डिस्कही. पायरी उतरणं चूक नाही. डेटा बिघडण्यापेक्षा काम सावकाश झालेलं बरं. चूक आहे ती गप्प बसण्यात. डेस्कटॉपवरचे आयकॉन वापरत नाही म्हणून कोपऱ्यात फुगा दाखवणारं एक्सपी, ड्राइव्हचा वेग आपण स्वतः कमी केलाय हे मात्र स्क्रीनवर सांगत नाही.

आणि हसू नका, कारण आज आपण तेच लिहितो. सर्व्हिस पडली, रीट्राय कर. नाही जमलं, हळू मार्ग धर. लॉगमध्ये एक ओळ टाक, झालं. मग वापरणाऱ्याला वाटतं आपलाच फोन जुना झाला आणि तो दुकान गाठतो. आपल्या फॉलबॅकची किंमत अशी दुसऱ्याच्या खिशातून जाते. माघार घेणारा कोड लिहाल, तेव्हा ती माघार माणसाला समजेल अशा शब्दांत दाखवणारी एक ओळही लिहा. ते कामाचाच भाग आहे, वरची मेहेरबानी नव्हे.

असो. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला, तेव्हा काकांचा पीसी इंटरनेटला जोडू नका. आणि आत्याची डीव्हीडी झाली की ताईचं लग्न एका पेनड्राइव्हवरही उतरवून घ्या. बर्न केलेल्या डिस्कही कालांतराने खराब होतात, आणि त्याही आधी सांगत नाहीत :)