ताळा पाहण्याची सवय

नववीत बहुपदींची बेरीज-वजाबाकी आली की बहुधा दोन नियम फळ्यावर लिहिले जातात : सजातीय पदे एकत्र करा, वजाबाकीत दुसऱ्या कंसातील चिन्हे बदला. नियम खरे आहेत. परंतु ते पाठ करून घेणे म्हणजे शिकवणे, असे आम्ही मानत नाही. नियम विसरला तर निवासी शाळेतील मुलाने विचारावे कोणाला? रात्रीच्या अभ्यासाला गुरुजी जवळ असतातच असे नाही. आईवडील दूर गावी असतात आणि त्यांतील अनेकांना बीजगणित शिकण्याची संधीच मिळालेली नसते.

काही जण 'क्ष म्हणजे आंबा, य म्हणजे केळे' असे समजावतात. पुढे क्ष² आला की आंब्याचा वर्ग कसा करायचा, हे कोणालाच सांगता येत नाही. क्ष ही वस्तू नव्हे, संख्या आहे. ५क्ष आणि ३क्ष मिळून ८क्ष होतात, कारण एकच संख्या आधी पाच वेळा आणि मग तीन वेळा घेतलेली असते. क्ष² ही निराळी राशी, म्हणून ती निराळीच मांडायची. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात हाच नियम सांगितला. नियम जुना आहे. त्यामागचे कारण मात्र प्रत्येक मुलाला नव्याने उमगावे लागते.

(७क्ष² + २क्ष − ५) मधून (४क्ष² − ३क्ष + १) वजा करताना मुले पुष्कळदा पहिल्याच पदाचे चिन्ह बदलतात आणि ३क्ष² − क्ष − ४ असे उत्तर लिहितात. त्यावर तांबडी फुली मारण्याआधी क्षच्या जागी २ ठेवण्यास सांगावे. पहिल्या बहुपदीची किंमत २७, दुसरीची ११, वजाबाकी १६. मुलाच्या उत्तराची किंमत मात्र ६ येते. संपूर्ण कंस वजा करायचा होता, हे मग तेच शोधते आणि ३क्ष² + ५क्ष − ६ पर्यंत पोहोचते. त्याची किंमत १६, ताळा जुळला. ताळ्यासाठी १ घेऊ नये, कारण १चा कोणताही घात १च असतो; २क्ष + ३क्ष² = ५क्ष³ ही चूकही त्यात खपून जाते. ताळा जुळणे ही सिद्धता नव्हे. न जुळणे हा मात्र चुकीचा निश्चित पुरावा होय.

अभ्यासक्रम मोठा, वेळ अपुरा, ही शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. परंतु ताळ्याला दोन मिनिटे लागतात. आणि उत्तरासाठी सदैव दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची सवय जडली, तर ती जन्मभर सुटत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : शाळेत याल तेव्हा घटकाभर अभ्यासाला बसलेल्या मुलांजवळ बसा. पालकहो, बीजगणित येत नसले तरी आपणही एक प्रश्न अवश्य विचारू शकता : "बाळा, ताळा पाहिलास का?"